रोधाचे गणित मांडणारा शाळामास्तर : गेऑर्ग सिमॉन ओहम

काही थोर माणसांची नावे कालांतराने सामान्यनामे होऊन जातात. विजेच्या सामानाच्या दुकानात गिऱ्हाईक दहा ओहमचा रेझिस्टन्स मागते, दुकानदार तो खोक्यातून काढून देतो, आणि आपण एका मनुष्याचे नाव उच्चारले याची जाणीव दोघांपैकी कोणालाच नसते. माध्यमिक शाळेतील विद्यार्थी त्या मनुष्याचा नियम एका ओळीत पाठ करतो. विजेच्या दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. त्याच दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते. एक भागाकार आणि एक गुणाकार, एवढाच हा मामला. तो इतका सोपा आहे की हे कोणाला तरी शोधून काढावे लागले असेल, असे वाटतही नाही. वस्तुतः या भागाकारामागे एका शाळामास्तराची दहा वर्षांची मेहनत, स्वतःच छापलेले सूत्र मागे घेण्याचे धैर्य आणि त्यानंतरची चौदा वर्षांची प्रतीक्षा आहे. गेऑर्ग सिमॉन ओहम यांचे चरित्र म्हणजे या सोपेपणाची किंमत किती असते, याचा हिशेब होय.

आजच्या जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात एर्लांगेन नावाचे एक विद्यापीठाचे गाव आहे. तेथे १६ मार्च १७८९ रोजी एका कुलूप तयार करणाऱ्या कारागिराच्या घरी गेऑर्गचा जन्म झाला. वडील योहान वोल्फगांग यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते. परंतु हातोडी आणि कानस बाजूला ठेवल्यावर हा मनुष्य पुस्तक हातात घेई. गणित, भौतिकी, रसायन एवढेच नव्हे, तर कांट व फिख्टे यांचे तत्त्वज्ञानही त्याने स्वतःच्या बळावर वाचले होते. आई मारिया एलिझाबेथ ही एका शिंप्याची मुलगी. सात मुलांपैकी तीनच जगली आणि गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आईही गेली. त्यानंतर मुलांना वाढविण्याचा आणि शिकविण्याचा भार वडिलांनी एकट्याने उचलला. गावातील शाळेत विज्ञानाला फारसे स्थान नव्हते. ती उणीव घरच्या शिकवणीने भरून निघाली. विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनी गेऑर्गची परीक्षा घेतली आणि ते थक्क झाले. बाझेलच्या बेर्नुली बंधूंप्रमाणे या कुलूपवाल्याच्या घरातूनही दोन गणिती भाऊ निघतील, असा अभिप्राय त्यांनी दिला. तो पुढे बव्हंशी खरा ठरला. धाकटा भाऊ मार्टिन बर्लिनमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला.

१८०५ साली गेऑर्ग एर्लांगेनच्या विद्यापीठात दाखल झाला. परंतु सोळा वर्षांच्या या बुद्धिमान मुलाचे मन पुस्तकांपेक्षा नृत्य, बिलियर्ड्स आणि बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ यांतच अधिक रमू लागले. आपल्याला आयुष्यात जी संधी कधीच मिळाली नाही, ती मुलगा उधळून लावतो आहे, हे पाहून वडिलांना संताप आला. तीन सत्रांनंतर त्यांनी त्याला विद्यापीठातून काढून स्वित्झर्लंडला धाडले. १८०६ च्या सप्टेंबरात गॉटश्टाट येथील एका शाळेत तो गणित शिकवू लागला. पुढे १८०९ मध्ये न्यूशातेल येथे त्याने खाजगी शिकवण्या धरल्या. लांग्सडोर्फ त्या सुमारास हायडेलबर्गला गेले होते. त्यांच्या हाताखाली पुन्हा शिकण्याची इच्छा गेऑर्गने कळविली. त्यांनी त्याला येऊ दिले नाही. उलट ऑयलर, लाप्लास आणि लाक्रवा यांचे ग्रंथ स्वतःच वाचून काढण्याचा सल्ला दिला. हा सल्ला त्याने अक्षरशः पाळला. वडिलांनी जसे गुरूवाचून पुस्तकांतून ज्ञान मिळविले, तसेच आता मुलानेही मिळविले. १८११ च्या वसंतात तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डॉक्टरेट झाला.

पदवी मिळाली तरी पोटापाण्याचा प्रश्न सुटला नाही. विद्यापीठात तीन सत्रे अध्यापन केल्यावर तेथे पुढे वाव नाही, हे ओहम यांना कळून चुकले. १८१३ च्या जानेवारीत बाम्बेर्ग येथील एका सामान्य शाळेत त्यांनी नोकरी पत्करली. तेथील काम त्यांच्या मनाजोगे नव्हते. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली. या खिन्नतेच्या काळात त्यांनी भूमितीच्या अध्यापनावर एक छोटे पुस्तक लिहिले. मुलाने प्रमेये घोकू नयेत, ती त्याला स्वतःच्या विचाराने सापडावीत, असा त्या पुस्तकाचा आग्रह होता. हे पुस्तक १८१७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याची प्रत प्रशियाच्या राजाकडे पाठविण्यात आली. त्याचे फळ चांगले मिळाले. त्याच वर्षी कोलोन येथील जुन्या जेझुइट विद्यालयात गणित व भौतिकी शिकविण्याची जागा ओहम यांना मिळाली. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस होते.

कोलोनच्या विद्यालयात भौतिकीची सुसज्ज प्रयोगशाळा होती. उपकरणांची डागडुजी आणि नवी जुळवाजुळव ओहम स्वतःच करीत. कुलूपवाल्याच्या भट्टीजवळ लहानपणी शिकलेले हात येथे कामी आले. तशात १८२० साली कोपनहेगनच्या अर्स्टेड यांनी विजेच्या तारेजवळ ठेवलेली चुंबकसूची हलते, असे जाहीर केले आणि सारे यूरोप विजेच्या मागे लागले. यापूर्वी १८०० साली व्होल्टा यांनी विद्युत्घटमाला तयार केली होती. त्यामुळे अखंड प्रवाह मिळू लागला होता. चुंबकसूची किती वळते यावरून तो प्रवाह मोजण्याचे साधनही आता हाती आले. मात्र प्रवाह नेमका कशावर अवलंबून असतो, हे कोणी नीट सांगू शकत नव्हते. कोणी तारेकडे पाहत होते, कोणी घटाकडे. दाब आणि प्रवाह या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेसुद्धा स्पष्ट झालेले नव्हते. अमुक तार वीज चांगली वाहते, तमुक वाईट, असे ढोबळ बोलणे चाले. कोलोनच्या या शिक्षकाने ठरविले की हे सारे मोजून पाहावयाचे.

१८२५ साली त्यांनी आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा मंडलात घालून चुंबकसूचीवरील परिणाम किती घटतो, हे त्यांनी त्यात मोजले होते आणि लांबी व घट यांचे लॉगरिथमच्या स्वरूपाचे एक सूत्र दिले होते. ते सूत्र चुकीचे होते. दोष त्यांच्या मोजण्यात नव्हता, घटात होता. त्या काळचा विद्युत्घट मंडल जोडताच जोराने काम करी आणि पाहता पाहता मंदावे. पहिल्या आणि शेवटच्या मोजमापाच्या वेळी घटाचा जोर सारखा राहतच नसे. हलणाऱ्या तराजूत वजन करावे, तसा तो प्रकार होता. भौतिकीच्या प्रसिद्ध नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी ओहम यांना एक मोलाची सूचना केली. झेबेक यांनी १८२१ मध्ये असे दाखविले होते की दोन भिन्न धातूंचे सांधे भिन्न तापमानांस ठेवले की मंडलात वीज वाहू लागते. दोन्ही तापमाने स्थिर ठेवली, तर ही वीजही स्थिर राहते. घट टाकून द्यावा आणि ही वीज वापरावी, असे पोगेनडोर्फ यांनी सुचविले. छापून झालेल्या सूत्राचे समर्थन करीत बसण्याऐवजी ओहम यांनी नव्याने सुरुवात केली.

१८२६ च्या जानेवारीत केलेला तो प्रयोग भौतिकीच्या इतिहासात संस्मरणीय ठरला. बिस्मथची एक कांब आणि तिच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या, असा जोड त्यांनी तयार केला. एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. उकळते पाणी आणि वितळते बर्फ यांची तापमाने ठरलेली. त्यामुळे दाबही स्थिर. वर सोनेरी मुलाम्याच्या बारीक पट्टीने चुंबकसूची टांगली. प्रवाहामुळे सूची वळली की पट्टीला पीळ देऊन ती मूळ जागी आणावयाची आणि पीळ किती द्यावा लागला ते मोजावयाचे. तो पीळ म्हणजेच प्रवाहाचे माप. मग सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक मंडलात घातल्या. त्यांची लांबी अनुक्रमे २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच होती. २ इंची तारेला पिळाचे माप सुमारे ३२७ आले, १३० इंची तारेला अवघे साडेअठ्ठेचाळीस. या आठही आकड्यांना एकच सूत्र लागू पडत होते. तारेच्या लांबीत एक ठरावीक संख्या मिळवावी आणि त्या बेरजेने दुसऱ्या एका ठरावीक संख्येस भागावे. या प्रयोगात मिळवावयाची संख्या सव्वावीस होती आणि भाज्य ७,२८५ होता. वाचकाने स्वतः करून पाहावे. २ मध्ये सव्वावीस मिळविले की सव्वाबावीस. त्याने ७,२८५ ला भागले की ३२७ च्या थोडे वर उत्तर येते. १३० मध्ये सव्वावीस मिळविले की १५० व वर पाव, भागाकार साडेअठ्ठेचाळीस. निसर्ग आणि हिशेब जुळले.

या दोन संख्यांचा अर्थ लावण्यात ओहम यांची खरी प्रतिभा दिसते. त्यांनी उष्ण टोक उकळत्या पाण्यातून काढून खोलीच्या तापमानाला ठेवले आणि पुन्हा सारी मोजमापे घेतली. भाज्य संख्या पुष्कळ घटली, परंतु सव्वावीस जागचे हलले नाही. याचा अर्थ उघड होता. भाज्य ही वीज ढकलणारी प्रेरणा आहे आणि ती तापमानांतील फरकावर अवलंबून आहे. सव्वावीस हा मंडलाच्या उरलेल्या भागाचा, म्हणजे कांब व पट्ट्या यांचा, रोध आहे. जणू तितक्या इंचांची आणखी एक तार मंडलात अगोदरच दडून बसलेली आहे. तारेचा रोध आणि तो रोध मिळून झालेल्या एकूण रोधाने प्रेरणेस भागले की प्रवाह मिळतो. शाळेत शिकविले जाते ते सूत्र हेच. तार जितकी लांब तितका रोध अधिक, जितकी जाड तितका कमी, आणि धातू बदलला की रोधही बदलतो, हेही त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. दाब, प्रवाह आणि रोध या तीन कल्पना प्रथमच एकमेकींपासून वेगळ्या होऊन एका समीकरणात नीट बसल्या.

शाळेतून अर्ध्या पगारावर एक वर्षाची रजा घेऊन ओहम बर्लिनला भावाजवळ गेले. तेथे त्यांनी विद्युत्मंडलाची संपूर्ण गणिती उपपत्ती लिहिली आणि १८२७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. फ्रेंच गणिती फूरिए यांनी पाच वर्षांपूर्वी उष्णतेच्या वहनाचे गणित मांडले होते. तापमानाचा फरक असला की उष्णता वाहते, तसाच विजेच्या दाबाचा फरक असला की वीज वाहते, हे साम्य ओहम यांच्या डोळ्यांपुढे होते. ग्रंथ उत्तम होता; काळ मात्र अनुकूल नव्हता. जर्मनीत भौतिकीमध्ये गणिताचा असा वापर करण्याची रूढी तेव्हा पडलेली नव्हती. हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा बर्लिनमध्ये मोठा दबदबा होता आणि निसर्गाचे रहस्य आकड्यांत पकडू पाहणे अनेक पंडितांना उथळपणाचे वाटे. पोल नावाच्या अभ्यासकाने ग्रंथावर कठोर टीका केली. प्रयोगाचा भाग ग्रंथात थोडा आणि गणिताचा फार, यामुळे ज्यांनी आधीचे निबंध वाचले नव्हते त्यांना हे सारे कल्पनेचे मनोरे वाटले. विद्यापीठात जागा मिळेल या आशेने ओहम यांनी हा खटाटोप केला होता. ती जागा मिळाली नाही. मानी स्वभावाच्या या शिक्षकाने १८२८ च्या मार्चमध्ये कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. विजेच्या रोधाचे गणित ज्याने मांडले, त्याच्या वाट्याला माणसांचा विरोध आला; आणि तो मोजण्याचे सूत्र कोणाजवळच नव्हते.

पुढची पाच वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये लष्करी शाळेतील आठवड्याच्या थोड्या तासांवर आणि इतर किरकोळ अध्यापनावर काढली. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत भौतिकीचे प्राध्यापकपद मिळाले. १८३९ मध्ये ते त्या संस्थेचे प्रमुख झाले. पद प्रतिष्ठेचे असले तरी ते ज्या विद्यापीठीय आसनाची वाट पाहत होते, ते हे नव्हे. त्यांचा ग्रंथ अगदीच दुर्लक्षित राहिला, असे मात्र म्हणता येणार नाही. लाइपझिगच्या फेखनर यांनी ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच वर्षांत असंख्य मोजमापे घेऊन हा नियम पडताळून पाहिला. सेंट पीटर्सबर्गमध्ये लेंझ यांनी तो वापरला. जे स्वतः मोजमाप करीत, त्यांना ओहम पटले. जे केवळ वाद घालीत, त्यांना पटले नाहीत. ही विभागणी बोलकी आहे.

खरी दखल परदेशातून घेतली गेली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहम यांना कॉप्ली पदक अर्पण केले. हा त्या काळच्या विज्ञानजगतातील अत्यंत मोठा सन्मान होता. त्याच वर्षी त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि पुढच्या वर्षी सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य करून घेतले. १८२७ ते १८४१, अशी चौदा वर्षे गेली होती. १८४३ मध्ये व्हीटस्टोन यांनी रोध अचूक मोजण्याची पद्धती या नियमाच्या आधारेच मांडली; १८४५ मध्ये किरखोफ यांनी अनेक फाटे असलेल्या गुंतागुंतीच्या मंडलांपर्यंत तो नेला. तारायंत्राच्या लांबच लांब तारा तेव्हा देशोदेशी पसरू लागल्या होत्या आणि किती लांबीच्या तारेला किती घट जोडावेत, हा प्रश्न आता केवळ पंडितांचा राहिला नव्हता. येथे एका इंग्रज विक्षिप्ताची आठवण होते. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारासच अशा प्रकारचे नाते ओळखले होते, तेही स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या झटक्यांची तुलना करून. परंतु त्यांनी ते प्रसिद्धच केले नाही. मॅक्सवेल यांनी त्यांची हस्तलिखिते १८७९ साली प्रकाशित केली, तेव्हा जगाला हे कळले. बंद कपाटातील ज्ञानाचा जगाला उपयोग काय, याचे हे उदाहरण कोणत्याही ग्रंथालयाने ध्यानात ठेवावे असे आहे.

ओहम यांच्या नियमाने भागाकार दिला. गुणाकार येण्यास आणखी एका माणसाची गरज होती. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड येथील मद्याच्या कारखानदाराचा मुलगा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल याने पाण्यात तारेचे वेटोळे बुडवून त्यातून प्रवाह सोडला आणि पाणी किती तापते ते मोजले. १८४१ मध्ये त्याने आपला निष्कर्ष छापला. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट होते, तिप्पट केला की नऊपट. आणि रोध दुप्पट केला की उष्णता दुप्पट. म्हणजे दर सेकंदाची उष्णता ही प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. आता प्रवाह गुणिले रोध म्हणजे दाब, हे ओहम यांनी सांगितलेलेच होते. तेव्हा हीच शक्ती दाब गुणिले प्रवाह अशीही लिहिता येते. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम, व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट. दोन आकडे मोजले की उरलेले दोन आपोआप हाती येतात.

घरातील इस्त्रीवर हे करून पाहता येते. इस्त्रीवर २३० व्होल्ट आणि १,००० वॉट असे लिहिलेले असते. १,००० ला २३० ने भागले की प्रवाह सुमारे ४.३५ अँपिअर येतो. २३० ला ४.३५ ने भागले की रोध जवळपास ५३ ओहम. अशी इस्त्री तासभर सतत तापली, तर विजेच्या बिलात एक युनिट चढते. आता संध्याकाळी दाब उतरून २०० व्होल्टवर आला असे समजावे. तारेचा रोध जवळपास तोच राहतो. म्हणून प्रवाह ३.७८ अँपिअरवर येतो आणि शक्ती ७५६ वॉटवर. दाब आठव्या हिश्श्याएवढा घटला, उष्णता मात्र चौथा हिस्सा घटली. गृहिणीला इस्त्री मंद वाटते ती याचमुळे. दाबाबरोबर प्रवाहही घटतो आणि घट दोनदा गुणली जाते. दूरवर वीज वाहून नेण्याचे शास्त्रही याच हिशेबावर उभे आहे. समजा १०,००० वॉट शक्ती १ ओहम रोधाच्या वाहिनीतून न्यावयाची आहे. ती २३० व्होल्टवर पाठविली, तर प्रवाह साडेत्रेचाळीस अँपिअर होतो आणि वाटेतच सुमारे १,९०० वॉट उष्णतेत नाहीसे होतात. तीच ११,००० व्होल्टवर पाठविली, तर प्रवाह एक अँपिअरहूनही कमी आणि नासाडी एका वॉटहूनही कमी. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली, पुढे कोयनेची वीज महाराष्ट्रभर पसरली, ती उंच मनोऱ्यांवरून मोठ्या दाबानेच. त्या मनोऱ्यांचे अर्थशास्त्र कोलोनच्या त्या आठ तारांत बीजरूपाने होते.

या नियमालाही मर्यादा आहेत. तार तापली की तिचा रोध वाढतो. ६० वॉटच्या टंगस्टन दिव्याचा रोध तो पेटलेला असताना ८८० ओहमच्या आसपास असतो. थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. म्हणून असा दिवा पुष्कळदा बटण दाबताक्षणीच जातो. अर्धवाहकांच्या कित्येक भागांत तर दाब आणि प्रवाह यांचे प्रमाण सरळ राहतच नाही. परंतु नियम कोठे लागू पडत नाही, हे कळावयालाही आधी नियम असावा लागतो.

आयुष्याच्या उत्तरार्धात ओहम ध्वनीकडे वळले. कान हा संमिश्र स्वराचे त्याच्या साध्या घटक स्वरांत पृथक्करण करतो, अशी कल्पना त्यांनी १८४३ मध्ये मांडली. तीवरही टीका झाली. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी ती उचलून धरली. पदार्थाच्या सूक्ष्म रचनेवर अनेक खंडांचा मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. १८४९ साली त्याचा पहिलाच खंड निघाला आणि पुढचे राहून गेले. त्याच वर्षी ते म्यूनिकला आले. बव्हेरियाच्या विज्ञान अकादमीच्या भौतिक उपकरणसंग्रहाची देखरेख आणि विद्यापीठातील व्याख्याने अशी कामे त्यांच्याकडे होती. १८५२ मध्ये म्यूनिक विद्यापीठाच्या भौतिकीच्या प्राध्यापकपदावर त्यांची नेमणूक झाली. वयाच्या बाविसाव्या वर्षी डॉक्टर झालेल्या माणसाला हवे ते आसन त्रेसष्टाव्या वर्षी मिळाले. तेथेही ते शिक्षकच राहिले. विद्यार्थ्यांसाठी भौतिकीचे पाठ्यपुस्तक त्यांनी घाईने लिहून पूर्ण केले. ६ जुलै १८५४ रोजी म्यूनिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी विवाह केला नव्हता. अखेरचे आसन त्यांना उणीपुरी दोन वर्षे लाभले.

त्यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १८८१ साली, पॅरिसला विद्युत्शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि रोधाच्या एककास ओहम हे नाव देण्यात आले. दाबाला इटलीच्या व्होल्टाचे, प्रवाहाला फ्रान्सच्या अँपिअरचे आणि रोधाला जर्मनीच्या ओहमचे नाव. पुढे शक्तीचे एकक जेम्स वॉट याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. प्रारंभी एक ओहम म्हणजे ठरावीक लांबीच्या व जाडीच्या पाऱ्याच्या स्तंभाचा शून्य अंशाला असलेला रोध, अशी व्याख्या होती. १८९३ मध्ये ती लांबी १०६.३ सेंटिमीटर ठरविण्यात आली. २० मे २०१९ पासून ही व्याख्या प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार या निसर्गाच्या दोन मूळ राशींवर उभी आहे. पाऱ्याचा स्तंभ इतिहासजमा झाला, नाव टिकले.

ओहम यांनी राजदरबार पाहिला नाही, संपत्ती मिळविली नाही, शिष्यांचा मोठा संप्रदायही निर्माण केला नाही. त्यांच्याजवळ होती ती वडिलांनी दिलेली दोन साधने : एक कुशल हात आणि दुसरी वाचनाची सवय. एर्लांगेनचा तो कुलूप करणारा कारागीर दिवसाची मजुरी संपवून रात्री गणिताचे पुस्तक उघडीत होता, तेव्हा त्यातून पुढे काय निघेल, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ग्रंथालये याच भरवशावर चालतात. कोणते पुस्तक कोणत्या वाचकाच्या हाती पडेल आणि त्याच्या घरातील कोणत्या मुलाच्या हातून काय घडेल, याचा हिशेब नोंदवहीत मांडता येत नाही. पुस्तक कपाटाबाहेर काढून देत राहणे एवढेच त्यांच्या हाती असते, आणि तेवढे पुरेसे असते.